पिस्तुलाच्या काडतुसासाठी पहिली पावडर कोणती घ्यावी?

मूळचा आंजर्ल्याचा, आता ओहायोत ग्रीन कार्डावर राहणारा एक तरुण विचारतो: “काका, माझ्याकडे नाइन एमएमचं पिस्तूल आणि .३८ स्पेशलचं रिव्हॉल्व्हर आहे. दोन्ही क्लबात कागदी निशाण्यावर चालवतो. तयार काडतुसं महाग पडतात म्हणून घरी भरायला प्रेस घेतलाय. दुकानात पावडरीचे तीसेक डबे मांडलेले असतात, काही कळत नाही. दोन्हींना चालेल, स्वच्छ जळेल आणि कमी लागेल अशी एकच पावडर सांगा. आणि गावी चुलत्यांकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक आहे, ते विचारतायत की ही पावडर तिला चालेल का.”

आधी चुलत्यांना उत्तर देतो, कारण त्यात वेळ घालवून चालणार नाही. नाही. चिमूटभरसुद्धा नाही. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू चालते, आणि तीही परवान्यात बसते तेवढी, परवाना असलेल्या दुकानातून आणलेली. अमेरिकेतल्या डब्यातली पावडर त्या नळीत ठासली तर नळी फुटेल, आणि ती फुटते तेव्हा धरणाऱ्याचा डावा हात आणि चेहरा तिच्या अगदी जवळ असतो. का फुटेल ते सांगतो, कारण तेच कळलं की तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

माझे आजोबा ठासणीची बंदूक वापरायचे. दारू मोजायला त्यांच्याकडे बांबूच्या कांडीचं एक माप होतं. माप थोडं शिगोशीग भरलं, थोडं कमी भरलं, तरी बार व्हायचा आणि बंदूक टिकायची. काळ्या दारूचा स्वभावच तसा आहे. बंद नळीत दाब वाढला म्हणून तिचा जळण्याचा वेग फारसा वाढत नाही. दाणा जाड की बारीक, यावर तिचं काम चालतं. म्हणून ती मापाने मोजता येते, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडे तशीच मोजली गेली.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने नायट्रोसेल्युलोजची बिनधुराची पावडर केली, आणि हा हिशोब पार बदलला. ही पावडर उघड्यावर पेटवली तर कागदासारखी भुरकन जळते, आवाजही होत नाही. कोंडली की मात्र दाब वाढेल तसा तिचा वेग वाढतो, वेग वाढला की दाब आणखी चढतो. एक दुसऱ्याला ढकलत नेतं. त्यामुळे दारू जिथे थोडी चूक पोटात घालते, तिथे पावडर तीच चूक कित्येक पटींनी परत करते. म्हणूनच मी एकीला दारू म्हणतो आणि दुसरीला पावडर. आपल्या बोलीत दोन्हींना दारूच म्हणायची सवय आहे, आणि चुलत्यांच्या मनात हा प्रश्न आला तो त्या एका शब्दामुळेच. त्यांना सांग, नावं वेगळी ठेवा.

आता तुझं. मी बावीस वर्षं पेनसिल्व्हेनियात होतो, त्यातली अठरा वर्षं गॅरेजमधल्या बाकावर काडतुसं भरली. .३८ स्पेशल, नाइन एमएम आणि पुढे .४५. नंतर सगळं तिथेच मित्राच्या हवाली करून हर्णैला परतलो. तू तीन गोष्टी मागितल्यास: दोन्हींना चालणारी, स्वच्छ आणि कमी लागणारी. पहिली मिळेल. दुसरीसाठी फार जीव टाकू नकोस. तिसरी, कमी लागणारी, ही मात्र नवख्याने मागूच नये असं माझं मत आहे. किंबहुना पहिली पावडर जास्त लागणारी, पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) जागा व्यापणारी असावी.

कारण सांगतो. .३८ स्पेशल हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी आलं, आणि ते मुळात काळ्या दारूसाठी होतं. म्हणून त्याची पुंगळी लांबलचक आहे. आज आपण तिच्यात बिनधुराची पावडर घालतो, ती तिच्या पोटाच्या मानाने अगदी थोडी लागते. टाइटग्रुपसारखी दाट आणि झटकन जळणारी पावडर घेतलीस तर निशाणेबाजीच्या हलक्या भारात (भार म्हणजे एका काडतुसात घालायची पावडर) पुंगळीचा जेमतेम पाचवा भाग भरतो. तळाशी थोडीशी काळी भुकटी दिसते, वर सगळी पोकळी. आता नजर हलली, कोणी हाक मारली, आणि त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा पावडर पडली तर? तरीही अर्ध्याच्या खालीच. वरून गोळी बसते, प्रेसचा दांडा नेहमीसारखाच खाली येतो, डबीत ते काडतूस इतर एकोणपन्नासांसारखंच दिसतं. .३८ स्पेशलची साधी दाबमर्यादा १७,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला तितके पौंड, आहे. नाइन एमएमची ३५,०००. म्हणजे जुन्या, हलक्या रिव्हॉल्व्हरच्या हातात फारशी शिल्लक नसते, आणि नेमक्या त्याच्याच पुंगळीत दुप्पट भार सहज लपतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. चौथ्या वर्षी माझ्याकडून असं झालं आहे. तेव्हा मी बुल्सआय वापरायचो. १८९८ पासून चालत आलेली, निशाणेबाजांची लाडकी पावडर, एका बाराला तीनेक ग्रेन (ग्रेन हे पावडर तोलायचं छोटं वजन). रविवारची दुपार, घरून फोन आला, बोलून परत बाकावर बसलो आणि जिथे थांबलो होतो असं वाटलं तिथून पुढे चालू केलं. शंभर काडतुसं झाल्यावर मनाला चैन पडेना. काट्यावर एकेक काडतूस तोलून बघितलं. उपयोग झाला नाही, कारण पुंगळ्या आणि गोळ्या यांच्याच वजनात पावडरीपेक्षा जास्त फरक निघतो. शेवटी शंभरच्या शंभर काडतुसं उघडली. अठ्ठ्याहत्तराव्या काडतुसात दुप्पट पावडर होती. त्या रात्री मी जेवलो नाही. बुल्सआयचा काही दोष नाही, ती आजही उत्तम आहे. पण चूक झाली तर ती डोळ्यांना दिसायला हवी, हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर कोणतीही पावडर मी आधी याच एका कसोटीवर पारखली: दुप्पट पडली तर मला दिसेल का?

नाइन एमएममध्ये ही कसोटी सोपी जाते, कारण पुंगळी आखूड आणि अरुंद आहे. मध्यम वेगाची, फुगीर पावडर घेतली तर एका भारातच पुंगळी अर्ध्याच्या वर भरते, आणि दुसरा भार काठावरून सांडतो, बाकावर पसरतो. आंधळ्यालाही कळेल. अलायंट कंपनीची युनिक अशी आहे. साधारण १९०० पासून विकली जाते, आधी ती हर्क्युलिसच्या नावाने यायची. चपट्या पापुद्र्यांची, पोह्याच्या भुग्यासारखी. नाइन एमएममध्ये दुप्पट मावत नाही. .३८ मध्ये मावते, पण निम्म्याच्या बरीच वर येते आणि टॉर्च मारला की शेजारच्या पुंगळ्यांत लगेच उठून दिसते. युनिकबद्दल लोक दोन तक्रारी करतात. एक, काजळी फार धरते. दुसरी, पापुद्रे मोठे असल्यामुळे मापकातून (भार मोजून पाडणाऱ्या साधनातून) एकसारखी पडत नाही, कधी दशांश-दोन दशांश ग्रेन इकडेतिकडे. दोन्ही खऱ्या आहेत. पहिलीचा उपाय पंधरा मिनिटं साफसफाई. दुसरीचा उपाय, नवख्याने पहिल्या काही शेकड्यांत प्रत्येक भार काट्यावर तोलायचाच आहे, मग मापकाचा लहरीपणा आपोआप निस्तरतो.

दुसरा पर्याय म्हणजे हॉजडन कंपनीची एचपी-३८. हीच पावडर विंचेस्टर २३१ या नावानेही मिळते. डबा वेगळा, आतला माल एकच, तेव्हा जी मिळेल ती घे. तिचे दाणे बारीक आणि गोल चपटे, मापकातून रव्यासारखे वाहतात आणि भार सारखा पडतो. नाइन एमएममध्ये दुप्पट पडली तर पावडर काठाला येऊन टेकते, गोळी बसवायला जागाच उरत नाही. .३८ मध्ये मात्र ती युनिकइतकी जागा व्यापत नाही, म्हणून तिथे डोळा जास्त लागतो. दोन्ही काडतुसांसाठी तिची छापील माहिती भरपूर आहे, वेगवेगळ्या वजनाच्या, वेगवेगळ्या बनावटीच्या गोळ्यांसाठी. नवख्याला हा फार मोठा आधार असतो. मी तुझ्या जागी असतो तर दुकानात युनिक दिसली तर युनिक उचलली असती, नाही दिसली तर एचपी-३८. अलायंटच्या पावडरी कधी कधी महिनोन्‌महिने फळीवर दिसतच नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात तू एचपी-३८ च घेशील असं वाटतं. तरी काही बिघडत नाही.

टाइटग्रुपचा उल्लेख वर आला, तिच्याबद्दल दोन शब्द. तुला क्लबात दहातले पाच जण तीच सांगतील, आणि ते खोटं सांगत नाहीत. ती कमी लागते, स्वस्त पडते, मोठ्या पुंगळीत पुढे पडली काय नि मागे पडली काय, वेगात फार फरक येत नाही. हा गुण .३८ मध्ये मोलाचा आहे, कारण रिव्हॉल्व्हर खाली झुकवून वर उचललं की पावडर गोळीकडे सरकलेली असते आणि काही पावडरी अशा वेळी मंद पेटतात. पण टाइटग्रुप तापते फार. दाटही आहे. आणि नाइन एमएममध्ये तिचा किमान भार आणि कमाल भार यांत अंतर अगदी थोडं राहतं. हात बसला, दोन-तीन हजार काडतुसं भरून झाली, की जा तिच्याकडे. आत्ता नको.

दुसऱ्या टोकाला एच-११० आहे, विंचेस्टर २९६ म्हणजे तीच. मॅग्नम काडतुसांची मंद पावडर. ती पुंगळी गच्च भरते, म्हणून माझ्या कसोटीला उतरते असं कोणी म्हणेल. पण तिला भार कमी केलेला चालत नाही. छापील आकड्यापेक्षा फार खाली गेलं तर ती धड पेटत नाही आणि गोळी नळीतच अडकू शकते. .३८ स्पेशल आणि नाइन एमएमसाठी ती नाहीच. पॉवर पिस्टल, सीएफई पिस्टल या नाइन एमएममध्ये चांगला वेग देतात, पुंगळीही चांगली भरतात, पण तुला कागदाला भोकं पाडायची आहेत, वेग कशाला हवा? पॉवर पिस्टलचा जाळ तर आखूड नळीतून असा येतो की बंदिस्त रेंजमध्ये शेजारचा माणूस दचकतो. फिनलंडची व्हिटाव्हुओरी एन-३२० सगळ्यात स्वच्छ, हाताला मऊ, स्पर्धेतले लोक तिच्यावर जीव टाकतात. किंमतही तशीच असते. पैसे वाचवायला भरतोयस ना?

पैशाचा हिशोब एकदा मांडून टाकू, म्हणजे “कमी लागणारी” हा हट्ट सुटेल. पावडर ग्रेनमध्ये तोलतात, एका पौंडात ७००० ग्रेन. पाच ग्रेनचा भार धरला तर एका पौंडात १४०० काडतुसं निघतात. चार ग्रेनचा धरला तर १७५०. पौंडाचा भाव काहीही लाव, एका काडतुसामागे फरक एका सेंटच्या आसपास येतो. खरा खर्च गोळीचा आणि प्रायमरचा, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीचा, असतो. त्या एका सेंटसाठी चूक लपवणारी पावडर घ्यायची का, हे तूच ठरव.

तू विचारशील की भार किती ग्रेन घालू. मी आकडा लिहिणार नाही, आणि कोणी तोंडी सांगितला तर ऐकूही नकोस. आकडा पावडर बनवणाऱ्याच्या किंवा गोळी बनवणाऱ्याच्या चालू वर्षीच्या छापील पुस्तकातून घ्यायचा, आणि तोही तुझ्या हातातल्या गोळीसाठीच. ११५ ग्रेनची तांब्याच्या जाकिटाची गोळी आणि ११५ ग्रेनची मुलामा दिलेली गोळी, वजन एक असलं तरी भार एक नसतो. नाइन एमएममध्ये तर काडतुसाची एकूण लांबीही बघायची. गोळी एक-दीड मिलिमीटर जास्त खोल बसली तरी आतली जागा आकसते आणि दाब उसळतो, कारण आधीच जागा इवलीशी आहे. पुस्तकात सुरुवातीचा भार आणि कमाल भार असे दोन आकडे असतात. सुरुवातीच्या आकड्यापासून दहा काडतुसं भर, चालवून बघ, पिस्तूल पुंगळी बाहेर फेकून पुढचं काडतूस नीट चढवतंय का ते पाहा, मग थोडं थोडं वर जा. निशाणेबाजीला कमाल आकड्यापर्यंत जायची गरज मला अठरा वर्षांत पडली नाही.

पावडरींचा वेगाप्रमाणे लावलेला एक तक्ता असतो, सगळ्यात जलद वर, सगळ्यात मंद खाली. तो फक्त ओळख करून घेण्यापुरता वापर. दोन पावडरी तक्त्यात शेजारी-शेजारी आहेत म्हणून एकीचा भार दुसरीला लावला, असं करणारे मी पाहिले आहेत. तक्त्यात अंतर मोजलेलं नसतं, नुसता क्रम असतो. शाळेत पहिल्या आणि दुसऱ्या नंबरात किती मार्कांचा फरक आहे हे नंबरावरून कळतं का?

आता बाकावरची शिस्त, कारण पावडर कितीही चांगली निवडली तरी पुढचं हातांवर आहे. बाकावर एका वेळी एकच डबा. काम संपलं की मापकातली उरलेली पावडर त्याच डब्यात परत, लगेच, आणि मापक रिकामं. उद्या उघडून “ही कोणती बरं?” असं म्हणायची वेळ आली, तर ती पावडर वापरायची नाही, ओळखू आल्यासारखी वाटली तरी नाही. दिसायला सारख्या दोन पावडरींचा वेग दुपटीने वेगळा असू शकतो. मापकात पावडर रात्रभर ठेवली तर काही जाती प्लॅस्टिकलाही खातात.

तुझा प्रेस एका वेळी एकच काम करणारा असेल तर उत्तम. नसेल तर पहिले सहा महिने तसाच वापर. पन्नास पुंगळ्या ठोकळ्याच्या भोकांत उभ्या कर, सगळ्यांत पावडर घाल, आणि गोळी बसवायच्या आधी टॉर्च घेऊन वरून एकेका ओळीत बघत जा. पन्नास तळी एका पातळीला दिसली पाहिजेत. एखादं जास्त वर, एखादं रिकामं, लगेच डोळ्यात भरतं. रिकामं राहिलेलंही तितकंच वाईट. नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते, आवाज “फुस्स” येतो, हाताला झटका जाणवत नाही. असा आवाज आला की थांबायचं, पिस्तूल रिकामं करायचं, आणि नळी मोकळी आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय दुसरा बार करायचा नाही. मागून दुसरी गोळी आली की नळी फुगते किंवा फाटते. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. का ते वर सांगितलं.

काट्याला वजनाचे छोटे तुकडे मिळतात, ते घेच, आणि दर वेळी बसताना काटा तपास. इलेक्ट्रॉनिक काटा पंख्याच्या वाऱ्यानेही हलतो. चष्मा घाल, काम झाल्यावर हात साबणाने धू, आणि जेवणाच्या टेबलावर हे काम करू नकोस. प्रायमरच्या राखेत शिसं असतं, ते लहान मुलांना बाधतं.

साठवणीबद्दल इथल्या किनाऱ्यावरचं एक उदाहरण देतो. माझ्या अंगणातून सुवर्णदुर्ग दिसतो. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने समुद्रातून त्याच्यावर मारा केला तेव्हा आत एका शाकारलेल्या छपराला आग लागली. बंदुकांच्या माऱ्यापुढे आत कोणाला ती विझवता आली नाही, आणि पसरत पसरत ती दारूकोठारापर्यंत पोचली. कोठार उडालं. दारू कोठे ठेवली आणि तिच्या शेजारी काय ठेवलं, यावर सगळं अवलंबून असतं, हे तेव्हाही खरं होतं. बिनधुराची पावडर काळ्या दारूसारखी ठिणगीला लगेच भडकत नाही, पण गच्च बंद लोखंडी पेटीत कोंडून आग लागली तर तीही स्फोट करते. म्हणून ती मूळच्या डब्यातच ठेवायची, ज्याची शिवण दाब वाढला की आपोआप उकलते. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या मानकाप्रमाणे घरात २० पौंडांपर्यंत पावडर मूळ डब्यात ठेवता येते, त्यापुढे ५० पौंडांपर्यंत इंचभर जाडीच्या लाकडी कपाटात. तुझ्या गावचे, तुझ्या राज्याचे नियम याहून कडक असू शकतात, ते आधी बघ. तुला तर एक-दोन पौंडांवर जायचं कारणच नाही. प्रायमर वेगळ्या ठिकाणी, पावडरीपासून लांब, आणि त्यांच्या मूळ खोक्यातच. काचेच्या बरणीत भरून शोभेसाठी ठेवणारे लोक असतात, तू तसं करू नकोस.

थंड, कोरडी, अंधारी जागा पावडरीला मानवते. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत विसरलेला डबा पुढे नासतो. चांगल्या पावडरीचा वास किंचित ईथरसारखा, स्पिरिटसारखा येतो. नासलेली असेल तर झाकण उघडताच आंबूस, नाकाला झोंबणारा वास येतो, कधी तांबूस वाफ दिसते, डब्याच्या आत गंज धरलेला असतो. तशी दिसली की वापरायची नाही. थोडीच असेल तर उघड्या मातीवर पातळ पसरून टाकायची, ती खतासारखी मुरून जाते.

कायद्याचं आता, कारण हे वाचणारा प्रत्येक जण तुझ्यासारखा ग्रीन कार्डवाला नसणार. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकायला मात्र लागतो, मित्राला दोन डब्या पैसे घेऊन दिल्या तरी प्रश्न येऊ शकतो. विद्यार्थी व्हिसा किंवा एच-वन बी वर असलेल्या माणसाला तिथे बंदूकच काय, काडतूस बाळगणंही सर्वसाधारणपणे गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे थोडे अपवाद आहेत. आपली कितीतरी मुलं त्या व्हिसावर आहेत आणि सहज मित्राबरोबर रेंजवर जाऊन खिशात दोन काडतुसं घेऊन घरी येतात. असं करायच्या आधी वकिलाला विचारा.

आणि इथे, कोकणात किंवा देशात कुठेही, घरी काडतुसं भरण्याचा विचारही कोणी करू नये. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गंभीर गुन्हा आहे. शस्त्र बाळगायचा परवाना असला म्हणून बनवायचा मिळत नाही. ज्यांच्याकडे .३२ चं रिव्हॉल्व्हर आहे त्यांनी कारखान्यात भरलेली काडतुसं परवान्यावर नोंद करून घ्यावीत. नाइन एमएम तर आपल्याकडे सामान्य माणसासाठी मनाई असलेल्या बोअरमध्ये (नळीच्या मापात) येतं. चुलत्यांनाही सांग की शेतीसंरक्षणाचा परवाना असला तरी वानर-डुकरावर बार टाकायला वन्यजीव कायद्याची परवानगी वेगळी लागते. पावसाळ्यात त्यांची दारू सर्दावते, बार फुकट जातो, म्हणून ते दुसरं काही शोधतायत हे मला कळतंय. काळ्या दारूतला सोरा ओल ओढून घेतोच. जूनच्या आधी उरलेली दारू कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत, चुलीपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब ठेवावी, आणि सर्दावलेली दारू उन्हात किंवा तव्यावर सुकवायच्या फंदात पडू नये. तव्यावर सुकवताना भाजलेला एक म्हातारा मी लहानपणी पाहिला आहे.

शेवटची एक गोष्ट. तू गणपतीला येतो म्हणालास. रेंजला नेतोस ती बॅग घेऊन येऊ नकोस. मुंबईच्या विमानतळावर बॅगेच्या शिवणीत राहिलेलं एखादं काडतूस निघालं तर ते “विसरून राहिलं” हे सांगत माणसाला पोलीस ठाण्यात बसावं लागतं, गुन्हा नोंदला जातो, आणि पुढच्या तारखा आंजर्ल्याहून जाऊन सांभाळाव्या लागतात. रिकामी पुंगळीसुद्धा भाच्याला दाखवायला आणू नकोस. नवी बॅग घे, आणि निघायच्या आदल्या दिवशी जाकिटाचे खिसेसुद्धा उलटे करून बघ.

यायच्या आधी पुस्तकाचं पान, गोळीच्या डबीवरचं लेबल आणि पावडरीच्या डब्यावरचं नाव, तिन्हींचे फोटो पाठव. पहिली दहा काडतुसं भरायच्या आधी आपण फोनवर एकत्र वाचून घेऊ.